मेथी निवडता निवडता

पुण्यात ‘आमच्याकडे टीव्ही नाही’ हे सांगायची एक खास ढब आहे. आवाज किंचित खाली, भुवया किंचित वर, आणि समोरच्याने ‘वा, वा’ म्हणावं म्हणून पुढे थोडी जागा मोकळी सोडलेली. कोथरूडात राहिल्यावर हे वाक्य अधूनमधून कानावर पडतंच. त्या घरांत हॉलच्या मुख्य भिंतीला पुस्तकांचं कपाट असतं, कपाटासमोर सोफा असतो आणि सोफ्यावर घरातली माणसं आपापल्या फोनमध्ये मान घालून बसलेली असतात. फोनवर काय चाललंय म्हणून डोकावावं तर मालिका, क्रिकेट, बातम्या, कुणाची तरी मुलाखत. म्हणजे टीव्हीच. फक्त प्रत्येकाचा वेगळा.

आमच्याकडे टीव्ही आहे, मोठा आहे आणि तो रोज संध्याकाळी साडेसहाला लागतो. सासूबाईंचं वय ८२, आणि आमच्या घरात रिमोट वयाच्या उतरंडीने चालतो. त्यामुळे ‘टीव्हीवर हल्ली डोक्याला खाद्य देणारं काही उरलंय का’ हा प्रश्न मला लग्नकार्यातल्या गप्पांपुरता नाही, रोजचा आहे. मी घरून मुद्रितशोधनाची कामं करते. माझं टेबल हॉलच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे, पाठ टीव्हीकडे. ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता दोन-अडीच तास मालिका कानावर पडत राहतात. मी त्या बघत नाही. तरी मला त्यांतलं सगळं कळतं, आणि मला आधी याचंच नवल वाटायला लागलं.

नीट ऐकलं तर लक्षात येतं की मालिकेत कुणीही खोलीत आलं की आधी त्याचं नाव घेतलं जातं. ‘अगंबाई, माई, तुम्ही? या वेळी?’ ‘हो वसुधा, मीच. या वेळी.’ कुणाच्या हातात काय आहे तेही बोलूनच सांगतात. ‘हे काय, तुझ्या हातात हे पाकीट कसलं?’ खलनायिका एकटी असेल तर आपला बेत मोठ्याने बोलून दाखवते: कुणाला, कधी आणि कशात काय मिसळून देणार आहे ते सगळं, जुन्या संगीत नाटकातल्या स्वगतासारखं. आणि महत्त्वाचं काही घडणार असेल तर आधी ढँण् असा आवाज होतो. त्या आवाजाला माझीही मान वर होते, खोटं कशाला बोलू.

एकदा नणंदेचा फोन आला म्हणून सासूबाईंनी आवाज बंद केला आणि मी खुर्ची फिरवून पडद्याकडे बघत बसले. नवी सून दारात उभी होती. कॅमेरा सासूच्या चेहऱ्यावर गेला. मग नणंदेच्या. मग दिराच्या, मग स्वयंपाकाच्या मावशींच्या, मग परत सासूच्या, या वेळी जरा जवळून. मग सुनेच्या बांगड्या. फोनवर भाच्याच्या साखरपुड्याचा हॉल, जेवणाचं ताट, आहेराच्या साड्या असं सगळं ठरून संपलं, तरी सून उंबऱ्याच्या अलीकडेच. डोळ्यांसाठी त्यात काही ठेवलेलंच नव्हतं.

तेव्हा उलगडा झाला की ही श्रुतिका आहे. आकाशवाणीवर लागायची तशी, सोबत चित्रं जोडलेली. आणि ती तशी असण्यात निर्मात्यांचा मूर्खपणा अजिबात नाही. आमच्या आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) टीव्हीसमोर बसतात खऱ्या, पण मांडीवर मेथीची जुडी असते. नाहीतर वाल सोलायचे असतात, तांदूळ निवडायचे असतात, कुणाच्या तरी स्वेटरला बटणं लावायची असतात. नजर खाली, कान पडद्याकडे. ढँण् झालं की चष्म्यावरून एक नजर वर, कोण पडलं किंवा कोण जिवंत परत आलं ते बघायचं, की पुन्हा मेथी. महाराष्ट्रात संध्याकाळी सात ते नऊ या वेळात कुकरच्या शिट्ट्या होत असतात, मुलांचे अभ्यास चालू असतात, कुणीतरी कामावरून येऊन चहा मागत असतं. वाहिनीला हे चांगलं ठाऊक आहे. जी बाई पोळ्या लाटताना ओट्यापाशी उभी राहून मालिका ऐकते आहे, तिच्यासाठी ती लिहिलेली असते. एखाद्या पात्राने नुसत्या नजरेने काही सांगितलं तर ओट्यापाशी ते पोचणारच नाही.

हा हिशेब दर गुरुवारी तपासला जातो. बार्क नावाची संस्था देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत यंत्रं बसवून कोण काय बघतंय ते मोजते आणि आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात. बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी. म्हणजे यंत्र असलेलं एक घर जवळपास चार हजार घरांच्या वतीने मत देतं. त्या घरातल्या माणसाने कंटाळून वाहिनी बदलली की ते नोंदलं जातं. तो माणूस विचारात पडून पडद्याकडे टक लावून बघत होता की टीव्ही तसाच चालू ठेवून गॅलरीत कपडे वाळत घालत होता, हे मात्र यंत्राला कळायची सोय नाही. यंत्राच्या दृष्टीने दोघंही प्रेक्षक. मग लेखकाने पहिल्यासाठी लिहावं की दुसऱ्यासाठी? दुसरे जास्त आहेत, आणि त्यांना धरून ठेवणं सोपं आहे.

त्यात रोजचं रतीब घालायचं. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात, आणि ती आठवड्यातून सहा दिवस भरायची असतात. मध्येच रविवारी महाएपिसोड, नाहीतर दोन मालिकांचा महासंगम. सहा दिवसांत एवढं लिहून, पाठ करून, चित्रित करून, जोडून पोचवायचं म्हटल्यावर त्यात चेहऱ्यामागून चेहरे येणारच. वेळ भरून काढायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. दूरदर्शनच्या मालिका आठवड्यातून एकदा यायच्या. खाजगी मराठी वाहिन्यांच्या सुरुवातीच्या काळातही साप्ताहिक मालिका होत्या. अल्फा मराठी (आताची झी मराठी) सुरू झाली १९९९ मध्ये, आणि त्या पहिल्या काही वर्षांतल्या मालिकांबद्दल माझ्या पिढीची माणसं आजही गहिवरून बोलतात. माझ्या मते त्या गहिवराचं निम्मं श्रेय दोन भागांमधल्या मोकळ्या दिवसांना आहे. लिहिणाऱ्याला विचार करायला आणि बघणाऱ्याला वाट बघायला वेळ मिळायचा.

आता इथे जुने दिवस काढायचा मोह होतो, आणि काढतेच. माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. टीव्ही मालकांच्या माडीवर. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्यात त्याचे कार्यक्रम सिंहगडावरच्या टॉवरवरून यायचे, त्यामुळे शहरातल्या सगळ्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या असत. वारा सुटला की एकजण गच्चीत, एकजण जिन्यात आणि एकजण टीव्हीपाशी. ‘आलं का?’ ‘आलं!’ ‘आता?’ ‘गेलं! होतं तसं ठेवा!’ मग माडीवरचा दिवा मालवायचा. मुलं पुढे सतरंजीवर, पुरुष मागे खुर्च्यांत. मध्येच कुणी बोललं तर मालकीणकाकू नुसत्या वळून बघायच्या, तेवढं पुरे.

‘चिमणराव’ लागायचं तेव्हा दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ बघायला वाड्यातली झाडून सगळी बिऱ्हाडं माडीवर यायची. ‘गजरा’ होता, ‘ज्ञानदीप’ होता, साहित्यिकांना बोलतं करणारं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ होतं. आणि ‘आमची माती आमची माणसं’ होतं. वाड्यात कुणाकडे अंगणातल्या तुळशीपलीकडे हातभर जमीन नव्हती, पण कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त कसा करावा यावर आमच्याकडे मतं होती. तालमीत जाणारा एक काका तर युरियाच्या मात्रेवरून टीव्हीतल्या तज्ज्ञांशी वाद घालायचा. दुसरं काही लागतच नव्हतं, त्यामुळे जे लागेल ते लोक बघत आणि बघताना ऐकत. न मागितलेलं ज्ञान डोक्यात शिरायची ती एक वाट होती.

अर्थात दूरदर्शनवर सगळंच काही अमृत नव्हतं. फीत कापणारे मंत्री असत, मग दुसरी फीत कापणारे तेच मंत्री. ‘व्यत्यय’ अशी पाटी येऊन बसायची आणि हलायची नाही. मोठा नेता वारला की दिवसेंदिवस सारंगी. शिवाय समोर बसून बघायचं सुख वाड्यात सगळ्यांच्या वाट्याला कुठे होतं? माझी आई यायची ती पदराला हात पुसत, कार्यक्रम निम्मा संपल्यावर, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या बघायची. ‘मागे काय झालं’ हे तिला मी सांगायचे. दिवे मालवून एकाग्रतेने टीव्ही बघणारे ते जुने सुसंस्कृत प्रेक्षक म्हणून ज्यांची आठवण काढली जाते, त्यांची भाकरी त्या वेळी कुणीतरी दुसरंच थापत होतं. आजच्या मालिका निदान त्या थापणाऱ्या बाईला धरून चालतात. हे मला त्यांच्या बाजूने मांडलंच पाहिजे.

पण दूरदर्शनच्या बाजूनेही एक गोष्ट मांडायची आहे, आणि तिचा पुण्याशी संबंध आहे. तिथले लोक कार्यक्रम बनवताना समोर पूर्ण लक्ष देणारा माणूस गृहीत धरत. ही सवय काही अंशी लॉ कॉलेज रोडवर लागली असावी. फिल्म इन्स्टिट्यूटचा टीव्ही विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून पुण्यात आला आणि दूरदर्शनच्या माणसांचं प्रशिक्षण जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात व्हायला लागलं. ज्या आवारात सिनेमा शिकवला जातो तिथे टीव्ही शिकलेला माणूस पडद्यावरच्या शांततेला घाबरत नाही. तिकडे गणेशखिंडीत विद्यापीठातलं माध्यम केंद्र यूजीसीसाठी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगासाठी, कार्यक्रम बनवत होतं. १५ ऑगस्ट १९८४ पासून दुपारी लागणारे ते ‘कंट्रीवाइड क्लासरूम’चे कार्यक्रम कॉलेजच्या मुलांसाठी होते. ती मुलं त्या वेळी कॅन्टीनमध्ये असायची. घरी वामकुक्षी चुकवून ते बघणारे आमचे निवृत्त आजोबा होते. प्रवाळ म्हणजे काय हे त्यांना पंच्याहत्तरीत कळलं आणि आठवडाभर ते येईल त्याला प्रवाळ समजावत होते.

आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली आणि डॉ. जयंत नारळीकर पुण्याला आले. त्यांची ‘ब्रह्मांड’ ही मालिका दूरदर्शनवर लागली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे घेऊन भूमिती शिकवणारे अरविंद गुप्ता ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या ‘तरंग’ कार्यक्रमातून मुलांपुढे आले, आणि पुढे बरीच वर्षं त्यांनी आयुकाच्याच आवारात खेळणी बनवली. ही माणसं पडद्यावर सावकाश बोलत. मध्ये थांबत. हातातली गोष्ट पूर्ण होईपर्यंत कॅमेरा तिथेच राहायचा. आज तसं कुणी थांबलं तर संकलकाला वाटेल की फाइल अडकली.

बातम्यांबद्दल फार लिहीत नाही. पडद्यावर आठ चौकटी, आठ चौकटींत आठ उघडी तोंडं, खाली तीन पट्ट्या. एवढंच नोंदवते की ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीतल्या गैरप्रकारांच्या आरोपानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबवलं, ते २०२२ च्या मार्चमध्ये परत सुरू झालं. मधला वर्ष-दीड वर्षाचा काळ आकड्यांशिवाय गेला. ‘टीआरपीपायी ओरडावं लागतं हो’ असं सांगणाऱ्यांना त्या काळात शांत व्हायला कुणी मनाई केली नव्हती. मला तरी आवाजात फरक जाणवला नाही. सवय म्हणून ओरडत असतील.

‘आहे कुठे मग चांगलं?’ असं कुणी विचारलं तर मी आमच्या इमारतीच्या पार्किंगकडे बोट दाखवते. तिथे जिन्याखालच्या खोलीत वॉचमनकाकांचं बिऱ्हाड आहे आणि त्यांच्याकडे एक जुना, पोट सुटलेला टीव्ही आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री काकांनी पाण्याच्या टाकीशेजारी स्वतः बसवली. एकदा पैसे भरले की महिन्याचं भाडं नाही. २०२० च्या जुलैमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं: पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, मराठीतून, पुण्याच्याच एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने केलेलं. काकांची मुलगी तेव्हा चौथीत. वरच्या मजल्यांवरची मुलं लॅपटॉपसमोर कॅमेरा बंद करून झोपा काढत होती आणि ही पोरगी पार्किंगमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटांवरचे आकडे घेऊन बेरजा-वजाबाक्या करत फिरत होती. कार्यक्रमात घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन करायला सांगायचे. हिच्या अंगणात गाड्या होत्या. एकदा मला जिन्यात गाठून म्हणाली, “काकू, तुमच्या गाडीच्या आकड्यांची बेरीज सगळ्यात मोठी येते.” मला तो माझाच काहीतरी पराक्रम असल्यासारखं वाटलं.

त्याच छत्रीवर ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्याही येतात. २०१७ मध्ये सुरू झाल्या तेव्हा ३२ होत्या. वास्तुशास्त्राची नव्हे, स्थापत्यशास्त्राची व्याख्यानं. अर्थशास्त्र, कायदा, रसायन. वरच्या मजल्यांवर आम्ही दरमहा पॅकेजचे पैसे भरून ढँण् ऐकतो. खालच्या खोलीत आयआयटीचे प्राध्यापक फुकट येतात. म्हणजे आत्ता देशातला सगळ्यात विद्वान टीव्ही सगळ्यात स्वस्त छत्रीवर आहे. पण तो बघवत नाही, हेही सांगायला हवं. प्राध्यापक फळ्यासमोर उभे, कॅमेरा प्राध्यापकांसमोर उभा, आणि दोघंही जागचे हलत नाहीत. मालिकावाल्यांना वाटतं प्रेक्षकाचं लक्ष मुळीच नाही, आणि या मंडळींना वाटतं ते कधी ढळणारच नाही. मधल्या माणसाचा विचार कुणी करायचा? टीव्हीची कारागिरी त्या मधल्या माणसासाठी होती. ‘सुरभि’ने ती नव्वदच्या दशकात दाखवून दिली होती. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे हसत हसत एखाद्या आडगावच्या विणकराकडे घेऊन जायचे आणि शेवटी एक प्रश्न विचारायचे. उत्तरं पाठवणाऱ्यांची पत्रं इतकी वाढली की टपाल खात्याला असल्या स्पर्धांसाठी वेगळं, महागडं पोस्टकार्ड काढावं लागलं. विणकराबद्दलच्या प्रश्नाला देशभरातून पोत्याने उत्तरं!

आमच्या घरात लेकीचं म्हणणं आहे की टीव्ही कधीच संपला, आता फक्त ओटीटी. ती बघते त्यातलं काही खरोखर उत्तम असतं. निम्म्या रात्री तिच्या खोलीत उभी राहून मी एखाद-दुसरा भाग बघितलेला आहे. पण ती दीडपट वेगाने बघते. आणि बघताना हातात फोन असतोच. म्हणजे मेथीच्या जागी फोन आला. अलीकडे मला त्या महागड्या मालिकांतही पात्रं आपण काय करतोय ते बोलून दाखवताना ऐकू यायला लागली आहेत. भिंतीकडे तोंड करून बसल्याने माझे कान या बाबतीत फार तिखट झालेत. “हे बघ, तुझ्याकडे पण श्रुतिका आली,” असं मी तिला म्हटलं तर तिने हेडफोन लावले.

मग मीच घरात एक प्रथा पाडली. शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर एकाने निवडायचं आणि सगळ्यांनी बसून बघायचं. फोन फ्रिजवर. पुढे पळवायचं नाही. मध्ये उठायचं नाही.

माझ्या पाळीला मी ‘भारत एक खोज’ लावलं. श्याम बेनेगलांची १९८८ ची ही मालिका, ५३ भागांची, यूट्यूबवर मिळते. नेहरूंनी १९४४ मध्ये नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या पुस्तकावरून केलेली, एवढं सांगितल्याबरोबर आईंनी चष्मा पुसला. त्यांचं माहेर नगरचं. मी मुद्दाम महात्मा फुल्यांचा भाग काढला होता. सुरुवातीला वनराज भाटियांच्या संगीतातलं नासदीय सूक्त सुरू झालं तशी लेकीने फ्रिजकडे एकदा बघून घेतलं. सेट साधे, संवाद लांब. तोच नट एका शतकात राजा असतो आणि पुढच्या शतकात आणखी कुणीतरी, आणि आपण ते मान्य करायचं. ओम पुरींनी तर या मालिकेत गोष्टही सांगितली आणि दुसऱ्या एका भागात औरंगजेबही केला. मग जोतीराव आले. आई एकदम म्हणाल्या, “अगो, हा आमच्या नगरचा! हा अमरापूरकर!” सदाशिव अमरापूरकर. ज्याला लेकीने हिंदी सिनेमातला गुंड म्हणूनच पाहिलेलं होतं, तो पागोटं घालून, शांत आवाजात, समोरच्याचा मुद्दा संपू देऊन मग आपला मांडत होता. पुढे कुणीच काही बोललं नाही. संपल्यावर लेक म्हणाली, “फुलेवाडा इथे गंज पेठेतच आहे ना? मी गेलेच नाहीये कधी.” वीस वर्षं पुण्यात काढून! तिच्या शाळेची सहल दर वर्षी वॉटरपार्कला जायची.

त्या यशाने मी जरा चढले आणि पुढच्या पाळीला ‘संविधान’ लावलं. तीही बेनेगलांचीच, २०१४ ची, राज्यसभा टीव्हीसाठी केलेली दहा भागांची मालिका. सचिन खेडेकर डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेत. घटना समितीतल्या चर्चा, मुद्द्यामागून मुद्दा. नवरा दुसऱ्या भागात बसल्या बसल्या घोरायला लागला. बसण्याचा नियम होता, जागं राहण्याचा नव्हता, असं त्याचं म्हणणं. पण लेक आणि मी ती संपवली. म्हणजे आत्ताच्या काळात, सरकारी पैशांतून, संसदेच्या वाहिनीसाठी असं काही होऊ शकतं. ती वाहिनी आणि लोकसभेची वाहिनी २०२१ मध्ये एकत्र होऊन ‘संसद टीव्ही’ झाली, ते सोडा. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वेव्ह्ज’ नावाचं ॲपही काढलंय. जुना खजिना हळूहळू बाहेर येतोय. शोधावं लागतं, हाच काय तो त्रास. पूर्वी चांगलं काही लागणार असेल तर दूरदर्शनच्या ‘साप्ताहिकी’ कार्यक्रमात आठवडा आधी सांगायचे.

लेकीने तिच्या पाळीला कोरियन मालिका लावली. आईंना खालच्या ओळी वाचता येत नव्हत्या, भाषेचा तर प्रश्नच नाही. पण त्या दहाव्या मिनिटाला “ती निळ्या कोटातली सासू आहे ना?” असं म्हणाल्या. होती. त्या मालिकेत नजरेने सांगायचं ते नजरेनेच सांगितलेलं होतं, म्हणून तर आईंना कळलं. नवऱ्याने त्याच्या शनिवारी जुना कसोटी सामना लावला, त्याबद्दल मी लिहिणार नाही.

गेल्या शनिवारी पाळी आईंची होती. त्यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं: “माझी साडेसातची लावायची. महाएपिसोड आहे. एरवी पाठ करून बसतेस आणि नावं ठेवतेस. एकदा समोर बसून बघ, मग बोल.” न्याय्य होतं. आम्ही तिघंही बसलो. फोन फ्रिजवर गेले. वसुधाच्या घरी पूजा होती, माई आल्या, कुणीतरी दुधाचा पेला उचलला, ढँण् झालं. मी प्रामाणिकपणे बघत होते. मागे उभी असलेली, दोनच वाक्यं वाट्याला आलेली एक ज्येष्ठ नटी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती, आणि तेवढ्यात तिने त्या बाईचा सगळा धाक उभा केला होता. इतके दिवस भिंतीकडे बघत हे माझ्या कानांना कसं दिसणार होतं? हे आईंना सांगावं म्हणून मी वळले.

आई जागेवर नव्हत्या. स्वयंपाकघरातून आवाज आला, “तुम्ही बघा गं, मला ऐकू येतंय इथे. सकाळच्या डोशाचं वाटून ठेवते. आणि आवाज जरा वाढव, मिक्सर लावतेय.”